उद्या झाला का?

आई उद्या येईल, असं मी माझ्या मुलीला सांगितलं त्याला सहा वर्षं झाली. तिची आई त्याच दिवशी सकाळी वारली होती. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. वनी तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. हिला काळाचा अंदाज येणार नाही, आठवडा काय नि वर्ष काय हिला सारखंच, असं डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. मला ते सोयीचं पडलं. महिनाभरात मी तिला घोडेगावला माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, नेऊन ठेवलं. शाळेतली कारकुनी सांभाळून तिचं करणं जमत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी कंटाळलो होतो. निघताना 'उद्या येतो' म्हणालो. नंतर प्रत्येक खेपेला तेच म्हणत आलो.

या जानेवारीत तिच्या दिव्यांग दाखल्याची मुदत संपली. नेवाशाला शनिवारी तपासणी होती आणि सोबत पालक हवा होता, म्हणून शुक्रवारी सकाळी श्रीगोंद्याहून एसटीत बसलो. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एक ट्रॉली आडवी झाली होती आणि तिच्या मोळ्या रस्ताभर. पाऊण तास गाडी जागची हलली नाही. ड्रायव्हर खाली उतरून ऊस सोलत बसला.

नगरला गाडी बदलली. शेजारी एक म्हातारे पटकेवाले आले.

"कुठवर?"

"घोडेगाव."

"म्हस घ्यायची का इकायची?" शुक्रवारी त्या गाडीत बसणारा माणूस जनावरांच्या बाजारालाच निघालेला, हे गृहीतच.

"लेकीला भेटायला चाललोय."

"घोडेगावात दिली व्हय? बरं केलं. पानी हाय तिकडं. जावई काय करतो?"

मी 'शेती' म्हणालो आणि डोळे मिटून घेतले. इमामपूरचा घाट संपेपर्यंत उघडले नाहीत.

बाजार भरात होता. म्हशींच्या शिंगांना तेल लावून चकाकवलेलं, व्यापारी उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवत होते. टेम्पोच्या फळ्यांवर जनावरांचे खूर वाजत होते. त्या सगळ्या धुरळ्याच्या कडेला आक्काचं चहाचं पाल (कापडी छप्पर) असतं. वनी कप विसळत होती. एकोणीस वर्षांची झाली आहे आता. आईसारखी रुंद कपाळाची दिसते. मला बघून ती उठली नाही.

"नाना आले," ती आक्काला म्हणाली, आणि पुढचा कप विसळायला घेतला.

संध्याकाळी आक्काने शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेल्या) आणि भाकरी वाढली. वनी शेळीला पाला टाकून आली आणि तिने दारातूनच विचारलं, "आत्या, उद्या झाला का?"

"न्हाई बाय. जेव."

ती जेवायला बसली. मी आक्काकडे पाहिलं.

"रोज इचारती," आक्का म्हणाली. "सहा वर्सं. तुजा उद्या न् तिच्या आयचा उद्या, दोन्ही मलाच निस्तरावं लागत्यात. तू आलास, एक झाला."

"तू सांगून टाक ना तिला, आक्का."

"मी न्हाई सांगायची. बोललास तू, मोडायचं बी तूच. घे, रस्सा घे. निवतोय."

सकाळी नेवाशाला वडापने (माणसं कोंबून नेणाऱ्या जीपने) गेलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तपासणीच्या रांगेत मी पाय ओढत चाललो होतो. वनी हसली. "नाना, लंगडी म्हस."

आतले डॉक्टर तरुण होते. मुलगी बहिणीकडे असते, मी महिन्याला एक खेप करतो, असं मी सांगितलं. त्यांनी वनीला वार विचारला. तिला आला नाही. घड्याळ दाखवलं. तेही आलं नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना या आधी कधी आले होते गं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात ती म्हणाली, "रत्नी फळली न्हवती तवा. मंग फळली. मंग व्याली, दोन बोकडं. ती मोठी झाली, बाजारात गेली. मंग नाना आले."

"रत्नी म्हणजे शेळी?"

"व्हय. आमची."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "आमच्याही घरी शेळ्या आहेत," ते मला म्हणाले. "पाच महिने पोटात. बोकड विकायला आणायचा तर आणखी सहा-सात. वर्ष होतंय, साहेब."

मी तुटक्या चपलेकडे बघत राहिलो. जुन्या दाखल्यावर 'काळाचे भान नाही' असं होतं. ते त्यांनी नव्या कागदावर उतरवलं नाही. 'घड्याळ व वार समजत नाहीत' एवढंच लिहिलं.

परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस, मधे एखादं कांद्याचं रान. वनी खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. तिच्याशी मी इतका वेळ बसलोय, असं फार वर्षांत झालं नव्हतं.

"नाना, मी आत्याकडं आले तवा रत्नी न्हवती. तिची आय हुती. चांदी."

"कुठं गेली चांदी?"

"मेली. आत्यानं सांगितलं, मेली. मी लई रडले. मेली म्हंजी येत न्हाई." तिने माझ्याकडे तोंड फिरवलं. "चांदी मेली, रत्नी मोठी झाली, रत्नीची बोकडं गेली. आईचा उद्या लई लांब हाय व्हय?"

पुढचा माणूस वळून बघत होता.

"हाय," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जशी आक्काचं 'न्हाई बाय' ऐकून हलवते.

घोडेगावच्या फाट्यावर तिला आक्काच्या हवाली केलं. या वेळी 'उद्या' म्हणालो नाही, 'पुढच्या बाजाराला' म्हणालो. तिने मान हलवलीही नाही, पाला आणायला निघून गेली. श्रीगोंद्याच्या गाडीत बसल्यावर मी सहा वर्षं तिच्या शेळ्यांनी मोजून पाहिली. माझी वर्षं नुसती सरली होती. तिला त्यातलं एकेक वेत (व्यायची खेप) ठाऊक होतं.

त्यानंतर तीन बाजार झाले. तिन्हींना गेलो. पालात बसलो, चहा प्यालो, वनीने विसळलेले कप पुसले. तिन्ही वेळा आक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिन्ही वेळा मी शेवटची गाडी धरून परत आलो.

वनीची आई मेली आहे, आणि हे तिला मी सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.