एफ्रेनला घरी जा म्हणणारी मावशी

मागच्या पावसाळ्यानंतरच्या एका शनिवारची गोष्ट. सकाळचे नऊ वाजलेले, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी मी लॅपटॉप उघडून बसले होते. दर शनिवारी या वेळी माझा फिलिपीन्सला व्हिडिओ कॉल असतो.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचे बायबल कॉलेजचे एक वर्गमित्र तिथल्या एका बेटावर पाळक घडवणारी छोटी सेमिनरी चालवतात. आमची मंडळी लहानच, पण तिथल्या तीन विद्यार्थ्यांच्या जेवणाचा आणि पुस्तकांचा भार आम्ही उचलतो. मी शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, त्यामुळे त्यांच्या उपदेशांचं इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे आलं.

या तिघांमधला एफ्रेन माझा लाडका. वडील मच्छीमार, गावातलं चर्च त्यांनीच चार घरं मिळून उभं केलेलं. शेवटचं वर्ष संपलं की त्याच चर्चमध्ये सेवा करायची, हे त्याचं ठरलेलं...

त्या शनिवारच्या दोन आठवडे आधी त्याच्या गावावरून मोठं वादळ गेलं. घर गेलं, बोट गेली, चर्चचे पत्रे उडून कुठे पडले ते कुणाला सापडले नाहीत. माणसं वाचली, एवढंच.

एफ्रेनने मला मेल केला होता, "टीचर, मी काय करू?" मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. देवाचं पाचारण, धीर, परीक्षा जवळ आली आहे, आता सोडून गेलास तर वर्ष वाया जाईल... या मदतीचं बघणाऱ्या आमच्या मंडळीच्या कमिटीतही सगळ्यांचं हेच मत पडलं. त्यानेही मुकाट्याने ऐकलं. मला तर आपण त्याला सावरलं म्हणून बरंच वाटत होतं.

त्या दिवशी सगुणामावशी माझ्याकडे मुक्कामाला होती. माझ्या आईची चुलत बहीण, देवगाव रंगारीची. डोळे दाखवायला आली होती. गावी रोज पहाटे प्रार्थनेत ती या तीन मुलांची नावं घेते, पण त्यांना पाहिलं मात्र कधीच नव्हतं. कॉल लागल्यावर ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली.

"ह्योच का आपला एफरन? लेकराचं तोंड का असं उतरलंय गं?"

मी तिला वादळाचं सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग ह्यो तिथं कॉलेजात काय करतोय? घरी नाय गेला?"

मी म्हटलं, "मावशी, परीक्षा आहे त्याची."

"ऱ्हाऊ दे परीक्षा. त्याला इचार, आई कुठं झोपती?"

मी विचारलं. एफ्रेन म्हणाला, गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये, बाकं जोडून... वडील रोज समुद्राकडे जाऊन नुसते बसतात. एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. कॅमेऱ्यात फक्त त्याचे हलणारे खांदे दिसत होते.

मावशी सरळ स्क्रीनशीच बोलायला लागली. "लेकरा, घरी जा. पुस्तकं कुठं पळून चाललीत व्हय? आईबापाजवळ जा पहिलं. देव काय तुझ्यावर रागावत नाय."

आता हे भाषांतर मला करायचं होतं... खरं सांगते, एक क्षण वाटलं, काहीतरी गुळमुळीत सांगून टाकावं. 'मावशी तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे' एवढंच. कमिटीला काय उत्तर देणार होते मी?

पण एफ्रेन वाट बघत होता. मी शब्दाला शब्द सांगितलं.

तो डोळे पुसत म्हणाला, "टीचर, मला वाटलं होतं, मी गेलो तर तुम्ही लोक रागवाल. मदतीच्या यादीतून माझं नाव काढाल." आम्ही असं कधी म्हटलं नव्हतं. पण तसं होणार नाही, हेही कधी म्हटलं नव्हतं.

कॉल संपताच मी पाळकसाहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी तिथूनच सेमिनरीच्या प्रिन्सिपॉलना, म्हणजे त्या वर्गमित्रालाच, फोन लावला. तर ते म्हणाले, मी त्याला कधीचा सोडायला तयार आहे, पण तुमच्या मंडळीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो... कमिटीतले एक काका थोडे कुरकुरले, पण त्याला घरी जाऊ द्या, आमची मदत चालूच राहील, असं पत्र त्याच दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे एफ्रेन निघाला.

त्याचं वर्ष गेलंच. चार-पाच महिने त्याच्या गावातून अधूनमधून फोटो यायचे. निळ्या ताडपत्रीखाली चाललेली उपासना, उघड्या वाशांवर बसून पत्रे ठोकणारे वडील. तो परत येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. मावशीला फोनवर तसं बोलले, तर म्हणाली, "नाय आला तर नाय आला. आईपाशी हाय नव्हं?"

गेल्या महिन्यात तो सेमिनरीत परतला. आल्यावर पहिला उपदेश त्याने वर्गात केला, त्याची प्रत मला पाठवली. इंग्रजीच्या चुका भरपूर होत्या... पण मी लाल पेन बाजूला ठेवून आधी तो दोनदा वाचून काढला. वादळानंतरच्या पहिल्या रविवारी ओल्या जमिनीवर बसून गाणाऱ्या बायकांबद्दल त्याने लिहिलं होतं. असं काही त्याला मी शिकवू शकले नसते.

आम्ही त्या मुलांना मदत करतो असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. मदत घेणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायची किती भीती वाटते, हे मात्र मला कधी दिसलंच नव्हतं. सातवी शिकलेल्या माझ्या मावशीला ते पाच मिनिटांत दिसलं... तिचे आभार मानायला गेले तर ती मलाच हसेल, म्हणून इथे लिहिते आहे.