भरून परत येणारं ताट

बेतवाकाठच्या आमच्या गावाचा इतिहास ऐकायचा असेल, तर झाशीहून बस पकडून माझ्याकडेच यावं लागतं. अंगणातल्या कट्ट्यावर उभा राहून, हातवारे करत, नावाड्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांचे आवाज काढत मी तो सांगतो. अडचण एवढीच, की ऐकायला कुणी उरलेलं नाही.

म्हणून दिवाळीत मी गळ टाकतो. गळ म्हणजे आईचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट, त्यात चकल्या आणि करंज्या. फराळाचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरची रीत शेजाऱ्यांनीही उचलली होती. ताट भरून आणणाऱ्याला बसावंच लागे. बसला, की मी सुरू.

गाव वाढलं ते मला या ताटात दिसलं. लहानपणी घाट, एका रांगेचा बाजार आणि नावाड्यांची घरं, एवढंच गाव. तेव्हा ताटातून शिंगाडे येत. पूल झाला, नावा थांबल्या, रस्त्यावर हलवाई आला आणि गुजिया येऊ लागल्या. हलवायाची बायको म्हणायची, "भैया, तुम्हारी करंजी हमारी गुजिया ही है, बस बीमारी से उठी हुई." मी घोर अपमान झाल्याचं नाटक करून तिला दुसऱ्या चहापर्यंत अडकवून ठेवी. पुढे नदी बघायला शहरातली माणसं आली, हॉटेलं उठली, ताटात बेकरीची बिस्किटं दिसू लागली. बायको होती तोवर घरोघर ताटं जात. आता ती फोटोत, मुलगी पुण्यात, आणि ताट एकच.

यंदा ते फाटकवाल्या नव्या कॉलनीत नेलं. तिथे एक मराठी जोडपं राहायला आलंय, नवरा फौजेत. मराठी श्रोते! वाटभर मी पुलाची गोष्ट घोळवत गेलो. त्या मुलीने दार उघडलं, फराळ डब्यात काढून घेतला, ताट घासून, पुसून दारातच माझ्यापुढे धरलं.

"थँक्यू, अंकलजी."

फार गोड मुलगी. पण ताट घेतलं असतं, तर तिला माझ्याकडे येण्याचं काही कारणच उरलं नसतं. मी हात पाठीमागे नेले.

"रिकामं नाही घेत आम्ही. राहू दे. काही केलंस की घेऊन ये."

ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "मला काहीच करता येत नाही हो, काका."

"मला घाई नाही," मी म्हणालो.

ही मात्र थाप होती. आता थंडी पडली आहे. संध्याकाळी मी कट्ट्याशी दोन खुर्च्या मांडतो आणि कॉलनीच्या फाटकाकडे बघत बसतो. पुलाची गोष्ट कापून जरा आखूड केली आहे, नव्या माणसाला जड नको. आत मांडणीवर आईच्या ताटाची जागा मोकळी आहे. तिथे मी दुसरं काही ठेवत नाही.