सगळ्यांना होईल अशी सायकल

जिजीच्या मापाची एकही वस्तू आमच्या घरात नव्हती. तिचा पाय पाच नंबरचा आणि चपला आठच्या. का, तर अंगणात जाताना कुणालाही सरकवता याव्यात. चष्मा तिच्या भावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जुना. स्वेटर माझ्या मुलाचा, भूषणचा. दुकानात काहीही घ्यायला गेली की तिचं वाक्य ठरलेलं, "समदासले व्हई असं दखाड भाऊ." सगळ्यांना होईल असं. मग ते सगळ्यांना व्हायचं, आणि तिच्या अंगावर लोंबायचं.

जिजी माझी थोरली नणंद. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लग्नानंतर वर्षभरातच नवरा वारला आणि ती शहाद्याजवळच्या आमच्या गावी, माहेरी परत आली ती कायमची. माझ्या सासऱ्यांनी टेकडीवरची दोन एकर मुरमाड जमीन तिच्या नावावर करून दिली. त्या मुरमात तिने मिरची पिकवली. घरात ती हळू बोलायची, ताटावर शेवटी बसायची. शेतात मात्र तिचा आवाज बांधापलीकडे ऐकू जायचा. मजूर बायका म्हणायच्या, "घरनी जिजी आन् वावरनी जिजी, दोन येगळ्या बाया शेतस."

साठी उलटल्यावर तिचे गुडघे बोलायला लागले. शेत लांब, वाट दगडांची, शेवटी चढ. मग ती रोज सकाळी मांडीवर डबा घेऊन ओट्यावर बसायची आणि भूषणच्या मोटारसायकलची वाट पाहायची. भूषण वाईट मुलगा नाही. त्याला त्याची कामं होती. पण डबा गार व्हायचा, ऊन वर यायचं, आणि कधीकधी दुपारी जिजी तो डबा ओट्यावरच खायची. घरात बोलणं निघालं की शेत वाट्याने देऊन टाकू. म्हणजे कसणारा दुसरा, पीक अर्धं अर्धं, आणि जिजीने घरी बसायचं.

"घर बसीसन मी काय करू?" ती म्हणाली. "तुमना तोंडं दखू?"

त्याच सुमारास तिने एका वनरक्षकाला गिअरच्या सायकलवरून टेकडी चढताना पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाली, "तो बसेल होता वहिनी. चढ संपना तरी उतरना नही." लहानपणी वडिलांच्या सायकलवर ती हाफ पॅडल मारायला शिकली होती, दांडीच्या खालून पाय घालून. तेवढ्या भांडवलावर तिने ठरवलं की मिरचीच्या पैशातून आपण डोंगराची सायकल घ्यायची.

आता माझी ओळख करून देते. मी तेव्हा नुकतीच शाळेतून रिटायर झाले होते आणि मला सगळं कळत होतं. हल्ली बरंच कमी कळतं, त्यामुळे झोप चांगली लागते. पहिली माउंटन बाइक कशी निवडावी, यावर मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. आयुष्यात मी सायकलवर बसले नव्हते. पण दोन दिवसांत जेवताना वाटीभर आमटीबरोबर गिअरवर व्याख्यान द्यायला लागले. आमचे हे उठून ओसरीत जेवायला बसले.

जिजी, भूषण आणि मी शहाद्याला सायकलच्या दुकानात गेलो, तर मी शेठना नमस्कार करायच्या आत सांगितलं, "पुढे स्प्रिंग हवी, डिस्क ब्रेक हवेत आणि एकवीस गिअर हवेत." शेठनी हातातला चहा खाली ठेवला. मला वाटलं, आदराने.

जिजीच्या ऐपतीत बसणाऱ्या दोनच सायकली होत्या. एक करडी, साधी, स्प्रिंग नसलेली, चौकट लहान. दुसरी लाल, उंच, जाड टायरची, पुढे माझी स्प्रिंग. शेठ म्हणाले, "बाईंना करडी बसेल. त्याच पैशात लालही आहे, पाहून घ्या."

त्याच पैशात मोठी मिळत असताना लहान कोण घेतं? सायकल घ्यायला गेलो होतो, पण घेतली आम्ही पातेल्यासारखी.

जिजी करडीवर एकदा बसली होती, हे मला स्वच्छ आठवतं. दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले होते. हँडलवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उतरली आणि म्हणाली, "हाईवर भूषण बसाव नही."

भूषण म्हणाला, "जिजी, माले कसाले सायकल? मन्ही गाडी शे ना."

"गाडी बिघडनी तं?"

मीही लालच्याच बाजूने होते, कारण स्प्रिंग दिसत होती. व्हिडिओंमध्ये मापाचाही एक होता. त्यात एक माणूस सायकलच्या दांडीवर दोन्हीकडे पाय जमिनीला टेकवून नुसता उभा होता. बघण्यासारखं काही नाही म्हणून मी तो अर्ध्यात सोडला होता.

लाल घरी आली. जिजीने भूषणची जुनी ट्रॅकपँट चढवली, वर आमच्या ह्यांचा शर्ट घातला आणि ओट्याच्या कडेवरून सायकलवर बसली. तिथूनच बसावं लागायचं. खालून पाय पोचत नसे. उतरायलाही तिला तसंच काही लागायचं. गावाबाहेर पाण्याच्या टाकीचा कठडा आणि पुढे शेताचा बांध. या तीन जागा सोडल्या तर मध्ये कुठेही तिला थांबता येत नव्हतं. वाटेत कुणी हाक मारली तर ती हात न हलवता, मान न वळवता निघून जायची. गावात लोक बोलायला लागले, जिजीला गर्व आला. हे ऐकून मी पोट धरून हसले होते.

पण ते दिवस तिचे होते. आम्ही उठायच्या आत ती गेलेली असायची. संध्याकाळी घामाने भिजून, धुळीने माखून यायची आणि जेवताना मिरचीवरच्या किडीबद्दल न विचारता बोलायची. एकदा तर तिने आमच्या ह्यांना सांगितलं, "तुमनं तुम्ही दखा. मन्हा वावरमा मी दखसू." वावरातली जिजी पहिल्यांदाच घरात जेवायला बसली होती.

ऊसतोड सुरू झाली तेव्हाची गोष्ट. शेतातून येताना टेकडीच्या उतारावर वळणाला उसाची ट्रॉली आडवी आली. जिजीने ब्रेक दाबले. मी हट्टाने मागितलेले डिस्क ब्रेक अगदी नीट लागले. सायकल जागच्या जागी थांबली. जिजीने पाय खाली सोडला, आणि खाली काही नव्हतं. ती उभ्या सायकलसकट आडवी झाली, दगडांवर. खुब्याचं हाड मोडलं. सायकलला साधा ओरखडाही आला नव्हता.

नंदुरबारला ऑपरेशन झालं. चालायला शिकवण्यासाठी एक फिजिओ यायचा. त्याने वॉकर आणला आणि त्याची उंची कमीजास्त करायच्या खिट्ट्या हातात घेऊन, माप घ्यायला तिला सरळ उभं केलं. जिजी म्हणाली, "भाऊ, जरासं उंच ऱ्हाऊ दे. मन्ही वहिनीले बी पुढे कामाले ई."

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "तिच्याच मापाचा कर." जिजी रागावून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण वॉकर तिला नेमका बसला. घरी आल्यावर ती खाटेपासून न्हाणीपर्यंत जायला लागली, मग माजघरापर्यंत.

एका दुपारी ती वॉकर टेकत ओसरीच्या दारात आली. ओसरीत आमचे हे, भूषण आणि एक अनोळखी माणूस चहा पीत होते. शेत वाट्याने द्यायचं ठरत होतं. म्हणजे ठरलंच होतं. हे म्हणाले, "जिजी, तुलेच तरास होता ना." तिने त्या माणसाकडे पाहिलं. "मिरचीले उनात पाणी देऊ नको," एवढं म्हणाली आणि वळली. कुणाचाही हात न धरता खाटेपर्यंत एकटी चालत गेली. ऑपरेशननंतर एवढं अंतर ती आधी कधी चालली नव्हती.

त्यानंतर वॉकर भिंतीला टेकून राहिला. फिजिओ आठवड्याला यायचा, हाका मारायचा, गोष्टी सांगायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायचा, "बाई प्रयत्न करत नाहीत." आम्ही मान हलवायचो. एकदा त्याने तिचा हात धरून गोडीत म्हटलं, "जिजी, उठा. आज आपण दारापर्यंत जाऊ."

जिजीने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"आन् दारथून पुढे कोठे, भाऊ?"