माझ्या जन्मसालाची बुलेट

मंडळी, मागे मी इथे विचारलं होतं, माझ्या जन्मसालाची जुनी मोटारसायकल कुठे मिळेल. तुम्ही पुण्या-नाशिकचे पत्ते दिलेत. पण मला एकच गाडी हवी होती, आणि आज मुरबाडजवळच्या माझ्या गावातून ती घेऊन आसनगावला आलो.

माझी जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली. आई मात्र सांगते, "दामूशेठची बुलेट गावात आली ना, त्या सालचा तू."

त्या बुलेटवर गावातला प्रत्येक नवरदेव मिरवला. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात बाबा गाडी मागायला गेले, तर दामूशेठ ओट्यावरूनच म्हणाले, "गाडी बिघडलीय." वरात निघाली तेव्हा ते त्याच गाडीवरून आमच्यासमोरून वैशाखरे गावाला गेले. बौद्धवाडीतला नवरदेव त्यांना त्या सीटवर नको होता, एवढंच. भाऊ चालत गेला.

आज त्यांच्या मुलाने गाडी मला विकली. मी किक मारली तसे म्हातारे दामूशेठ काठी टेकत बाहेर आले. "नातवाचं लगीन हाय रे. वरातीपुरती देशील ना? गाडी घरचीच हाय."

खाली इंजिन धडधडत होतं. मी म्हणालो, "शेठ, गाडी बिघडलीय."

इतकी वर्षं हे वाक्य मी जपून ठेवलं होतं.

आई म्हणते, त्या नातवाचा काय दोष. भावाने मात्र फोनवर ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तुम्ही दिली असती का गाडी?