चौतीस वर्षं आईंना कोणी सांगितलंच नाही

माझ्या सासूबाई चौतीस वर्षं कुठल्याच लग्नात पोटभर पाणी प्यायल्या नाहीत.

खोकला आला, शिंक आली, हसू आलं, की त्यांची लघवी सुटायची.

हो, लिहिलं मी.

नवरा म्हणाला, "फेसबुक पे ये सब मत डाल यार."
टाकून राहिली मी. आईंना जाऊन आज वर्ष झालं आणि माझा राग काही गेला नाही.

नातेवाईक त्यांना घमंडी म्हणायचे. कोणाकडे जात नाहीत, गेल्या तर दाराजवळ बसतात, लवकर उठतात.
खोटं काहून बोलू? मीही म्हणायची.

मग माझी दुसरी डिलिव्हरी झाली. काही महिन्यांनी गोल बाजारात डबे घ्यायला गेली, शिंकली, आणि सलवार ओली.
दुपट्टा कमरेला बांधून घरी आली आणि बाथरूममध्ये रडत बसली.

आईंनी दार वाजवलं. हातात जुन्या सुती साडीच्या घड्या.

"घे. माह्याकडे लय आहेत."

"तुमच्याकडे कशाला, आई?"

"तुह्या नवऱ्याच्या जन्मापासून."

तरुणपणी एकदा त्यांनी डॉक्टरला विचारलं होतं. उत्तर मिळालं, "बच्चे के बाद सबको होता है."
त्यांच्या सासूने बजावलं, कोणापाशी बोलू नको.
त्या नाही बोलल्या.

माझ्या डॉक्टरने मला शंकर नगरला एका फिजिओथेरपिस्ट दीदीकडे पाठवलं. मी आईंनाही ओढून नेलं. दीदीने दोघींना तपासलं, मग समजावलं.

"पेशाब रोकते हैं ना आंटी, वैसे अंदर खींचो. पाँच तक गिनो. ढीला छोड़ो. साँस मत रोकना."

"बस, इतकंच?"

"हव आंटी. पर रोज़. तीन-चार महीने."

परतताना ऑटो आमच्या गल्लीत शिरता शिरता आई एकदम ओरडल्या,

"इतकंच होतं तं मले कोणी सांगितलं काहून नाही?"

ऑटोवाल्याने वळून पाहिलं.
 

त्या हट्टाने व्यायाम करायच्या. तांदूळ निवडताना, सीरियल बघताना. मी विसरली की डोळे वटारायच्या.

चार महिन्यांनी घड्या निम्म्याहून कमी लागायला लागल्या. पूर्ण नाही थांबलं. पण अभनपूरला भाचीच्या लग्नात दिवसभर बसल्या, वरातीत नाचणाऱ्या व्याह्यांना पाहून खळखळून हसल्या. आपल्या जाऊबाईंना कोपऱ्यात घेऊन स्वतःच सगळं सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हार्ट अटॅक.

एक लग्न.
इतक्या वर्षांत एकच लग्न मिळालं त्यांना.

तेरवीला बायका म्हणाल्या, "शांत होती बिचारी, कुठं जायची नाही."
माझं डोकं फिरलं. काहून जायच्या नाहीत, ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

शेजारच्या काकू भडकल्या. "मेलेल्या बाईचं असं काहून सांगून राहिली?"

सगळ्या गेल्यावर त्याच काकू स्वयंपाकघरात आल्या. दार लोटलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"मले नेशील का त्या दीदीकडे?"

नेलं, आई.

तुम्हाला नमस्कार. आणि घमंडी म्हणायची, त्याची माफी.