डब्यातली डिस्क

मी दिवसभर नॉयडातल्या एका ऑफिसात लोकांच्या कंप्युटरचे बॅकअप सांभाळते आणि या कामाने माझा स्वभाव बिघडवून टाकला आहे. कुणी कौतुकाने लग्नाचे फोटो दाखवायला लागलं की मी आधी विचारते, याची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे? त्यामुळे हल्ली मला कुणी फोटो दाखवत नाही. या बाबतीत एकच माणूस मला वरचढ निघाला, माझे सासरे.

बाबांची सगळी नोकरी सरकारी. दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत आले. कुलपाची दुसरी किल्ली ते कायम शेजाऱ्यांकडे ठेवत आले. "घरातच ठेवायची तर दुसरी करायची कशाला?" असा त्यांचा सवाल असतो.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात मी एक जुना कंप्युटर आणून बसवला होता. ऑफिसने मोडीत काढलेला, पण तब्येतीने धडधाकट. त्यावर हायपरव्हायजर नावाचा प्रोग्राम घातला. हा प्रोग्राम एका कंप्युटरच्या पोटात अनेक कंप्युटर नांदवतो. यूपीएससीच्या तयारीला महाराष्ट्रातून आलेली मुलं इथे एकाच खोलीत प्लायवुडचं पार्टिशन टाकून राहतात आणि आपापल्या भागाला 'माझी रूम' म्हणतात, तसाच हा प्रकार. आतल्या अशा प्रत्येक बिऱ्हाडाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमच्याकडे तीन बिऱ्हाडं होती. एकात घरचे फोटो, दुसऱ्यात माझे उपद्व्याप आणि तिसऱ्यात मावशींच्या गोष्टी.

मावशी समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहतात. नात्याने त्या आमच्या कुणीच नाहीत, सगळ्या सोसायटीच्याच मावशी. जन्मभर शाळेत शिकवलं, आणि शाळा सुटल्यावरही त्यांच्यातली बाई काही सुटली नाही. दर रविवारी त्या सोसायटीतल्या मराठी मुलांना गोळा करून गोष्ट सांगायच्या. आमची मुलं "आई, बिल्कुल मूड नाहीये यार" याला मराठी समजतात, त्यांच्यावर हा उपाय होता. माझी लेक त्यांच्याकडून 'हिरमुसणं' हा शब्द शिकली आणि मग बरेच दिवस ऊठसूट हिरमुसत होती.

त्या गोष्टी मी रेकॉर्ड करून ठेवल्या. प्रत्येक गोष्टीच्या आधी मावशींच्या वर्गातल्या सूचना असायच्या: मागचे पुढे या, हसणं पुरे, पाय जवळ घ्या. मी म्हटलं, "मावशी, एवढा भाग कापून टाकते."

"काही कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझी गोष्ट तिथूनच सुरू होते."

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. प्रकृती सावरली, पण आवाज गेला. बाकी मावशी होत्या तशाच राहिल्या, भाजीवाल्याशी बोटांनी घासाघीस करून त्याला जेरीला आणायच्या. मुलं रविवारी आमच्या हॉलमध्ये जमून जुन्या गोष्टी ऐकायची. मावशींना मात्र ते सोसायचं नाही. बोलावलं की हात हलवून नको म्हणायच्या, आणि आम्हीही आग्रह करणं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात बाबांनी मला विचारलं, "अगं, हा डबा बंद पडला तर मावशींच्या गोष्टींचं काय?"

दिवसभर मी हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत असते. घरी तो मलाच ऐकावा लागला आणि मी त्याच शनिवारी कामाला बसले. बॅकअप लावणं हा माझ्या मते फार सुखाचा उद्योग आहे. चालत्या मशीनला क्षणभर 'स्टॅच्यू' म्हणायचं, ते ज्या स्थितीत असेल तिचा स्नॅपशॉट घ्यायचा, आणि मशीन पुन्हा कामाला लागलं की सावकाश त्या स्नॅपशॉटची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. वेळ मी दुपारची ठरवली, कारण तेव्हा मुलं शाळेत असतात. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना स्टॅच्यू फार आवडला.

"आणि ही डिस्क राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"एक इथे जोडलेली. दुसरी घराबाहेर. दर रविवारी अदलाबदल करायची."

"बाहेर म्हणजे मावशींकडे," बाबा म्हणाले. "त्यांचीच वस्तू आहे."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाबा इथली डिस्क मलमलीच्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायचे आणि समोरच्या ब्लॉकमध्ये जायचे. तिथली डिस्क तशाच दुसऱ्या डब्यातून परत यायची. आता मावशींच्या घरातून डबा नुसता परत येईल हे शक्यच नव्हतं. डिस्कच्या वर कधी वड्या, कधी बेसनाचे लाडू. मी आजवर पुष्कळ डिस्का हाताळल्या, साजूक तुपाचा वास येणाऱ्या याच दोन.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. तो परत बसवून मशीन उभं राहिलं तरच खरं. फोटोंचं मशीन मी तसं करून पाहिलं, झकास चाललं. गोष्टींचं मशीन मोठं, त्याच्या जोडीला त्याची नक्कल उभी करायला कंप्युटरमध्ये जागा नव्हती, आणि माझे उपद्व्याप पुसून जागा करायची म्हणजे माझ्या जिवावर येत होतं. ती परीक्षा दिवाळीच्या सुट्टीवर ढकलली.

दिवाळीच्या आधी दसरा येतो आणि दसऱ्याच्या आधी खंडेनवमी. मी त्या दिवशी ऑफिसातून परतले तर गल्लीत सप्तपर्णीचा वास दरवळत होता आणि आमच्या हॉलमध्ये शस्त्रपूजा मांडलेली होती. विळी, मिक्सर, नवऱ्याच्या स्कूटरची किल्ली, लेकीची कंपासपेटी, आणि टीव्हीखाली झेंडूचा हार घातलेला, कपाळी हळदीकुंकू लावलेला आमचा कंप्युटर. मला हसू फुटलं. मग लक्षात आलं की त्याचा दिवा विझलेला आहे.

"बाबा, हा बंद कुणी केला?"

"मी. शस्त्राला आज विश्रांती द्यायची असते."

"कसा बंद केलात?"

"प्लग काढला. ओल्या फडक्याने पुसायचा होता, करंट लागला असता तर?"

"किती वाजता?"

"दुपारी. जेवण झाल्यावर."

म्हणजे नेमका बॅकअप चालू असताना. मी हार काढला, प्लग लावला. फोटोंचं बिऱ्हाड जागं झालं, माझे उपद्व्याप जागे झाले. गोष्टींचं मशीन काही केल्या उठेना. जोडलेली डिस्कही अर्धवट लिहिताना तुटलेली, तिच्यावरचं जुनंही काही वाचता येईना. मला संताप आला होता, आणि ज्यांच्यावर तो काढायचा ते हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभे होते.

"दुसरी डिस्क आहे ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"आहे. पण ती चालते की नाही, हे मी अजून बघितलेलं नाही."

बाबा चपला घालून तसेच समोर गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. मावशींनीही शस्त्रपूजा केली होती. डिस्कचा डबा त्यांच्या देवघरात होता, झाकणावर कुंकू, वर फूल. पूजेला लावलेली वस्तू दसरा उजाडल्याशिवाय हलवायची नाही, असं त्यांनी बोट नाचवून सांगितलं.

"मी जाऊन खरं सांगू का त्यांना?" मी म्हटलं.

"नको," बाबा म्हणाले. "ते मलाच सांगायला हवं. उद्या सांगतो."

बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. माझा राग त्यांचं ताट बघून ओसरला.

दसऱ्याच्या सकाळी मुलं सोनं द्यायला जमली. दिल्लीत आम्हाला आपटा मिळत नाही. सोसायटीच्या बागेतल्या कचनारची पानं दिसायला तशीच जोडपानं असतात, तीच आम्ही सोनं म्हणून लुटतो. मुलांचा गोंधळ चालू असतानाच दारात मावशी उभ्या राहिल्या. नवी साडी, हातात डबा. आदल्या दिवशी बाबा मोकळ्या हातांनी गेले होते, म्हणून डबा पोचवायला त्या स्वतःच आल्या होत्या.

बाबा उठले. "मावशी, तुमच्या गोष्टी मी घालवल्या," ते म्हणाले, आणि प्लग काढल्यापासूनचं सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"अजून गेलेल्या नाहीत," मी म्हटलं. "या डब्यात आहेत. असाव्यात."

मावशींनी डबा माझ्या हातात दिला. मला वाटलं आता त्या वळून निघून जातील. पण त्या आत आल्या आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, सतरंजीवर बसल्या. हातातली कचनारची पानं त्यांनी कुणालाच दिली नव्हती, ती तशीच घट्ट धरलेली होती.

वरचे लाडू मुलांना वाटले आणि खालची डिस्क काढली. माझे उपद्व्याप मी एका झटक्यात पुसून टाकले. जागा झाली. मग मावशींचं मशीन त्या जागी परत उतरवायला लावलं. ही गोष्ट घाईने होत नाही. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत राहते आणि आपण तिच्याकडे बघत बसतो. मुलांचे लाडू संपले. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते. नवीन रेकॉर्डिंग आता होणार नव्हतं, तेव्हा रविवारची प्रत मिळाली तर सगळं मिळालं, आणि नाही मिळाली तर मागायला दुसरी जागा नव्हती. डिस्कची वायर नीट बसली आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. ऑफिसात मी याहून मोठमोठी मशीनं परत उभी केली आहेत, तेव्हा असं कधी केलं नव्हतं.

पट्टी भरली. मी मशीन सुरू केलं. पडदा काळा झाला, तसाच राहिला, आणि मग गोष्टींचं पान उघडलं. सगळ्या गोष्टी ओळीने हजर. मला रडायला आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी हात जोडले, देवाला की कंप्युटरला ते मला सांगता येणार नाही.

"लाव ना आई, लाव," लेक म्हणाली.

मी वळून मावशींकडे पाहिलं. दर वेळी हलणारा त्यांचा हात या वेळी हलला नाही. मी पहिलीच गोष्ट लावली.

"सगळे आले का?" हॉलभर मावशींचा खणखणीत आवाज घुमला. "पाय जवळ घ्या. हसणं पुरे. आणि मागे कोण बसलंय? मागचे पुढे या."

दाराशी रेंगाळणारी मुलं निमूट पुढे सरकली. बाबाही खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसले. मी मागे पाहिलं तर मावशींचे खांदे हसून हसून हलत होते. मग त्या भिंतीला हात टेकून उठल्या, मुलांच्या मधून वाट काढत आल्या आणि पाय जवळ घेऊन पुढच्या रांगेत बसल्या.