सोमारीबाईचं ताट

मी नूरी. माजरीच्या कोळसा खाणीच्या वस्तीत घरोघरी बांगड्या भरत फिरते. तोंड माझं फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते.

अठ्ठ्याण्णव साली शेजारच्या रोशननं आपल्या मायले, सोमारीबाईले, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावाहून आणलं. बाप पोचू वारला होता, म्हातारी एकटी पडली होती. आली तेव्हा काय खणखणीत बाई होती! मी सकाळी धंद्यावर निघाली की रस्ता अडवे. "जेवली का वं, नूरी?" माझा नवरा गेल्यापासून हे मले कोणी विचारलं नव्हतं. एकटीसाठी कोण चूल पेटवते, म्हणून चहा-टोस्टवर दिवस काढणारी मी. ती हाताले धरून बसवे अन् भात वाढे.

वरीसभरात तीच बाई भिंतीकडं तोंड करून बसू लागली. बोलणं बंद, वेणीफणी बंद. सून रीना म्हणे, "सासऱ्याच्या आठवणीनं झुरून राह्यल्या." दवाखान्यातल्या नर्सबाईनं पापणी ओढून पाह्यली अन् रोशनलेच झापलं, "अंगात रक्त नाई, तर मन कुठून लागंल? आधी त्या काय खातात ते पाहा!" खात काय होती? जुन्या तांदळाची पेज अन् मीठ.

मले धास्तीच बसली. हेही माणूस हातचं जाते की काय! दिवाळीनंतर वालाच्या शेंगांची भाजी घेऊन गेली, तर तिनं ताट सरकवलं. माझं डोस्कं सटकलं. "काऊन? मुसलमानणीच्या हातचं चालत नाई का तुमाले?"

तिच्या डोळ्याले पाणी आलं. "तुझ्या हातचं काऊन नाई चालणार, पोरी? शेंगा नव्या आहेत. गावात पंडुम झालं का नाई, मले कोण सांगते इथी?"

पंडुम म्हणजे तिच्या लोकायचा सण. शेंगा असो, आंबा असो, नवा धान असो, आधी देवाले अन् मेलेल्या वाडवडलाले द्यायचं, मंगच आपण खायचं. इथी बाजारातून सगळं नवंच येई. एकेक हंगाम आला अन् तिच्या ताटातून एकेक पदार्थ गेला. "पोचूले न देता मी कशी खाऊ?" म्हणाली. पोराले ठाऊकच आहे, असं तिले वाटे. पोरगा खाणीच्या नोकरीत विसरून गेला होता. अन् मी तीस रोजे धरणारी! वेळ झाल्याशिवाय घास न घेणं मले समजाले नको होतं का? लाज वाटली मले.

मी रोशनले हे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी गावाची बस धरली. चार दिवसांनी पानाच्या पुड्यात शेंगा अन् नवे तांदूळ घेऊन आला. "माय, शेंगा, धान, सगळ्यायचं पंडुम झालं. बाचा वाटा मी स्वतः ठेवला." म्हातारी पुड्या उराशी धरून मोठ्यानं रडली. मंग पोटभर जेवली.

रोज संध्याकाळी मी तिच्या ताटाशी बसे. होळीपर्यंत अंगात जीव आला, आवाज आला. मले वाटलं, चला, राह्यली आपली बाई. कसलं काय! बळ आलं तसं तिनं गावाचंच नाव काढलं. "आता पाय चालतात वं. मोहफुलं पडून राह्यली असतील. मले जाऊ दे." मीच खाऊ घालून उभी केली, आता कोणत्या तोंडानं अडवू? बसच्या खिडकीतून ओरडली, "जेवत जाय वं, नूरी!"

जेवते. दोन्ही वेळा रांधते, तिचा शब्द आहे. पण बाजारात आंबे येऊन पंधरा दिवस झाले, मी अजून एक फोड तोंडात घातली नाई. तिच्या गावात पंडुम झालं का नाई, मले कोण सांगते इथी?